‘लॅन गेलंय’ हे ऐकून बोर्ड बदलण्याआधी

प्रश्न : नौपाडा, ठाणे येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी खजिनदार आहे. संस्थेच्या कार्यालयात २०११ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. मेंटेनन्सची बिले आणि हिशेब त्यावरच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, त्यामुळे विंडोज ७ सोडता आलेले नाही. मध्यंतरी हार्ड डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्याने एसएसडी बसवून विंडोज ७ पुन्हा टाकून दिले. पण तेव्हापासून इंटरनेट चालत नाही. केबल लावली की मागच्या पोर्टजवळचा हिरवा दिवा लागतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र लाल फुली दिसते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ या नावापुढे पिवळे चिन्ह आहे आणि तशीच आणखी दोन-तीन नावे आहेत. मदरबोर्डसोबत आलेली सीडी सापडत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘लॅन गेलंय, बोर्ड बदला नाहीतर नवीन पीसी घ्या.’ मी यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर आणून पाहिला, तर तो लावल्यावर सीडी ड्राइव्ह दिसते, वाय-फाय दिसत नाही. नव्या संगणकाचा खर्च समितीपुढे ठेवण्याआधी आपले मत हवे आहे.

उत्तर : आपण पत्रात लिहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे हिरवा दिवा आणि पिवळे चिन्ह, या एकत्र वाचल्या तर दुरुस्तीवाल्याचे निदान टिकत नाही. पोर्टजवळचा दिवा सहसा विंडोजच्या भरवशावर लागत नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाला राउटर किंवा स्विच आहे, हे लॅनच्या (केबलने जोडल्या जाणाऱ्या नेटवर्कच्या) चिपने स्वतः ओळखल्यावर तो लागतो. म्हणजे केबल, पोर्ट आणि चिपचा निदान काही भाग शाबूत आहे. शिवाय ‘इथरनेट कंट्रोलर’ हे नाव यादीत येते, याचा अर्थ विंडोजला तिथे काहीतरी असल्याचे कळते; फक्त ते नेमके काय आहे आणि त्याच्याशी कसे बोलायचे हे कळत नाही. चिप खरोखर जळली असती किंवा बायोसमध्ये (विंडोजआधी चालू होणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बोर्डावरचे लॅन बंद केलेले असते, तर ते नाव बहुधा यादीत आलेच नसते. तेव्हा पिवळे चिन्ह ही आपल्या बाबतीत चांगली बातमी समजावी.

मग पूर्वी चालणारे लॅन नव्याने विंडोज टाकल्यावर बंद का पडले? विंडोज ७ बाजारात आले २२ ऑक्टोबर २००९ रोजी. त्याच्या डिस्कवर त्या वेळेपर्यंतच्या नेटवर्क चिपचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या चिपशी बोलायला शिकवणारी छोटी सॉफ्टवेअरे, दिलेले होते. आपला बोर्ड २०११ चा आहे, आणि त्यावरची चिप विंडोज ७ नंतर आलेली असल्यास तिची ओळख त्या डिस्कवर असणे शक्यच नाही. २०११ मध्ये संगणक जुळवणाऱ्याने बोर्डासोबतची सीडी टाकून ही उणीव भरून काढली असणार. या वेळी सीडी नव्हती, म्हणून काम अर्धे राहिले. इतर पिवळ्या नावांचेही कारण हेच आहे. त्यांतले ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव वाचून अनेकजण त्यालाच लॅन समजतात आणि त्यावर वेळ घालवतात. इंटेलच्या बोर्डांवर ते बहुतेक वेळा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे असते आणि त्याचा आपल्या इंटरनेटशी संबंध नसतो. ‘एसएम बस कंट्रोलर’ हे चिपसेटचे. ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे नाव दिसल्यास ते सहसा वाय-फायचे कार्ड असते. आपल्याला हवे आहे ते ‘इथरनेट कंट्रोलर’ एवढेच.

आता पहिले काम. काहीही डाउनलोड करण्याआधी या चिपची ओळख काढावी. ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘मॅनेज’ निवडावे, डावीकडे ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे, ‘इथरनेट कंट्रोलर’वर डबल क्लिक करावे. ‘जनरल’ या पहिल्या टॅबवर ड्रायव्हर नसल्याची सूचना आणि कोड २८ दिसेल. त्याच चौकटीत ‘डिटेल्स’ या टॅबवर जाऊन ‘प्रॉपर्टी’खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की चार-पाच लांबलचक ओळी येतात. त्यांतली पहिली ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवावी. दिसायला ती अगम्य असली तरी वाचायला सोपी आहे : ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढची चार चिन्हे चिप बनवणाऱ्या कंपनीची आणि ‘डीईव्ही’पुढची चार चिन्हे त्या चिपची. १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल (इंटेलने आपल्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा स्वतःसाठी राखून ठेवला आहे), १९६९ असेल तर अथेरॉस, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. त्या काळच्या स्वस्त बोर्डांवर रिअलटेक इतके सर्रास असे की आपल्याकडेही १०ईसी आणि त्यापुढे ८१६८ किंवा ८१३६ निघण्याची शक्यता बरीच आहे. पहिली गिगाबिट वेगाची, दुसरी शंभर मेगाबिटची. तरीही अंदाजावर जाऊ नये. एकाच मॉडेलच्या बोर्डाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा बसवलेल्या आढळतात, आणि ‘माझ्या मित्राच्या पीसीला हाच ड्रायव्हर चालला’ या न्यायाने गोळा केलेल्या फाइलींनीच पेन ड्राइव्ह भरतात.

दुसरी माहिती विंडोजची. ‘कॉम्प्युटर’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिस्टिम टाइप’पुढे ३२ बिट की ६४ बिट हे लिहिलेले असते. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर बसत नाही आणि उलटही नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये चालणारी तडजोड इथे चालत नाही. तिसरी माहिती बोर्डाचे नाव. कॅबिनेटच्या बाजूचे पत्र्याचे झाकण काढून टॉर्च मारला तर कार्डांच्या स्लॉटच्या मध्ये मोठ्या अक्षरांत छापलेले मॉडेल दिसते. त्या वर्षांतल्या इंटेलच्या प्रोसेसरच्या बोर्डांच्या नावांत जी४१ किंवा एच६१ ही अक्षरे वारंवार येतात. त्याशेजारी ‘आरईव्ही’ म्हणून आवृत्तीचा आकडा असल्यास तोही टिपावा. वीज मुख्य बटणावरूनच बंद करून मग झाकण काढावे, हे सांगायला नको.

ड्रायव्हर कोठून घ्यायचा, याबाबत माझे मत ठाम आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे सपोर्टचे पान ही पहिली जागा, चिप बनवणाऱ्या कंपनीचे पान ही दुसरी, आणि मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग ही तिसरी. तिथे हार्डवेअर आयडीचा ‘व्हीईएन’ ते ‘डीईव्ही’पर्यंतचा तुकडा जसाच्या तसा टाकून शोधता येते. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारी फुकट सॉफ्टवेअरे संस्थेच्या संगणकावर मुळीच टाकू नयेत. त्यांतली बरीचशी स्कॅन करून पंधरा-वीस ‘जुने’ ड्रायव्हर दाखवतात, मग पैसे मागतात, आणि जाता जाता ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलून ठेवतात. सभासदांचे फोन क्रमांक, थकबाकीच्या याद्या आणि बँकेचे तपशील ज्या यंत्रावर आहेत तिथे असा पाहुणा नको.

इथे एक मुद्दा सविस्तर सांगतो, कारण जाणकार माणसेही यात अडकतात. यादीत अनेक आवृत्त्या दिसल्या की आपला हात साहजिकच सर्वांत नवीकडे जातो. आपल्या बाबतीत तसे करू नये. ६४ बिट विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची डिजिटल सही तपासते. अलीकडचे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले असतात, आणि नुकतेच टाकलेले, अपडेट न झालेले विंडोज ७ ती सही वाचू शकत नाही; त्यासाठी मायक्रोसॉफ्टने मागाहून, शेवटी २०१९ मध्ये, स्वतंत्र अपडेट दिले. आता ते अपडेट घ्यायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. परिणामी नवा कोरा ड्रायव्हर टाकल्यावर पिवळे चिन्ह जात नाही, फक्त कोड २८ च्या जागी कोड ५२ येतो, आणि माणूस चिपलाच दोष देतो. म्हणून बोर्डाच्या पानावरचा, २०११ ते २०१४ च्या सुमाराचा, विंडोज ७ साठी असे स्पष्ट लिहिलेला ड्रायव्हर घ्यावा. तो जुना आहे याची चिंता नको. लॅनच्या चिपला जे काम करायचे आहे ते तेव्हापासून बदललेले नाही.

फाइल आणण्यासाठी दुसरा संगणक नसला तरी अडत नाही. मोबाइलवर डाउनलोड करून तो यूएसबी केबलने जोडावा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून फाइल डेस्कटॉपवर ओढून घ्यावी. अँड्रॉइड मोबाइलचे ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास मोबाइलच काही काळ संगणकाचे नेटवर्क कार्ड होतो. विंडोज ७ ने त्याला आपोआप ओळखले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये मोबाइलच्या नोंदीवर ‘अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असे जावे. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’खाली ‘रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस’ हे नाव असते, ते निवडावे. विंडोज सावधगिरीची सूचना देईल. इथे तिला ‘येस’ म्हणण्यास हरकत नाही. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर तो निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावू नये. निळे पोर्ट यूएसबी ३ चे असतात आणि विंडोज ७ मध्ये त्यांचा ड्रायव्हर मुळात नसतो. काळ्या पोर्टमध्ये लावलेला पेन ड्राइव्ह लगेच दिसेल.

डाउनलोड झालेली फाइल बहुधा झिप असेल. ती नुसती उघडून आतून काही चालवू नये. उजवी क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावे आणि ‘सी’ ड्राइव्हवर ‘लॅन’ नावाच्या फोल्डरमध्ये सर्व बाहेर काढावे. आत ‘सेटअप’ असेल तर तो आधी चालवून पाहावा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. ‘सेटअप’ नसेल किंवा तो ‘हार्डवेअर सापडले नाही’ म्हणून थांबला, तर फोल्डरमध्ये ‘विन७’ आणि त्याखाली ‘३२’ व ‘६४’ असे उपफोल्डर शोधावेत. त्यांत तीन प्रकारच्या फाइली एकत्र दिसतील : आयएनएफ, एसवायएस आणि कॅट. एसवायएस हा खरा ड्रायव्हर, कॅटमध्ये त्याची सही, आणि आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल असून तिच्यात हा ड्रायव्हर कोणकोणत्या चिपांसाठी आहे त्यांची यादी असते. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून ‘कंट्रोल’ आणि ‘एफ’ दाबावे आणि आपण टिपलेला ‘डीईव्ही’चा आकडा शोधावा. तो सापडला तर ड्रायव्हर आपल्या चिपचा आहे. सापडला नाही तर तो कितीही वेळा टाकला तरी बसणार नाही. या तपासणीला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि दुर्दैवाने दुरुस्तीच्या दुकानांत ती क्वचितच केली जाते. खात्री पटल्यावर ‘इथरनेट कंट्रोलर’वर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ आणि तो ‘लॅन’ फोल्डर, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ची खूण ठेवून. क्षणभरात ‘इथरनेट कंट्रोलर’ हे निनावी नाव जाऊन त्या जागी चिपचे पूर्ण नाव ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली आले पाहिजे.

नाव आले पण पिवळे चिन्ह कोड १० सह राहिले, तर एक साधा उपाय आधी करावा. संगणक बंद केल्यावरही लॅनच्या चिपला थोडी वीज मिळतच राहते, त्यामुळे नुसते रिस्टार्ट करून तिची अडकलेली स्थिती सुटत नाही. संगणक बंद करावा, भिंतीवरचे बटण बंद करावे, लॅनची केबल काढावी, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. कोड २२ दिसला तर उजवी क्लिक करून ‘एनेबल’, एवढेच.

ड्रायव्हर बसला म्हणजे इंटरनेट आलेच असे नाही, आणि इथून पुढच्या अडचणींचे खापर ड्रायव्हरवर फोडू नये. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला आणि राउटरकडून उत्तर आले नाही. केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा सर्व ठीक आहे. जुन्या डिस्कवर कोणी हाताने पत्ता घालून ठेवला होता का, हे मागच्या समितीला विचारून घ्यावे, कारण संस्थेच्या कार्यालयांत सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि प्रिंटर त्याच राउटरवर असतात आणि त्यांना कायमचे पत्ते दिलेले असतात. आपण मात्र संगणकासाठी ‘ऑब्टेन अॅन आयपी अॅड्रेस ऑटोमॅटिकली’ हेच ठेवावे. हाताने दिलेला पत्ता चुकून डीव्हीआरचाच निघाला तर कधी कॅमेरे बंद, कधी इंटरनेट बंद, असा खेळ सुरू होतो. अडॅप्टरच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबवरील ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हे ‘ऑटो’वरच असू द्यावे. वेग वाढेल या समजुतीने तिथे ‘शंभर फुल’ केले आणि राउटर ‘ऑटो’वर राहिला, तर राउटर आपल्या बाजूने हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने डेटा) धरतो आणि जोडणी असूनही वेग पार कोसळतो. ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर संगणकाला हे उपकरण वीज वाचवण्यासाठी बंद करू देणारी खूण असते, ती काढावी.

राउटरपर्यंत पिंग (कमांड प्रॉम्प्टमधून जोडणी तपासणारा संदेश) जाते पण एकही वेबसाइट उघडत नाही आणि ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करतो, असे झाल्यास घड्याळ पाहावे. इतक्या जुन्या बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असणे अगदी नेहमीचे आहे. मग प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि त्या तारखेला आजची सर्टिफिकेटे अस्तित्वातच नसतात. बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. विंडोज ७ सोबतचा इंटरनेट एक्सप्लोरर आता निरुपयोगी आहे. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ साठी शेवटची होती आणि फायरफॉक्सची ११५ ही शेवटची शाखा. त्यांपैकी एक टाकून मगच निष्कर्ष काढावा.

आपण आणलेला यूएसबी वाय-फाय अडॅप्टरही खराब नसावा. असे काही अडॅप्टर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्यातच साठवलेला असतो. ‘कॉम्प्युटर’मध्ये ती ड्राइव्ह उघडून आतला ‘सेटअप’ चालवावा. त्यानंतर ती नाहीशी होऊन अडॅप्टर आपल्या खऱ्या रूपात येतो. तसे झाले नाही तर त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ करून पाहावे. वर सांगितलेला सहीचा अडथळा इथेही येऊ शकतो, कारण आजच्या अडॅप्टरमधला ड्रायव्हर नवा असतो. तो चालू झाल्यावर राउटरची दोन नावे असूनही एकच दिसले तर घाबरू नये. स्वस्त अडॅप्टर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ गिगाहर्ट्झचे नाव त्यांना दिसत नाही. राउटरची वाय-फाय सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल तर ती डब्ल्यूपीए२ वर आणावी लागेल. पण कार्यालयात केबल असताना वाय-फायच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही.

हे सर्व करूनही लॅन चालू झाले नाही, तरच हार्डवेअरकडे संशयाने पाहावे, आणि तेही पुराव्यानिशी. लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू केला, तर एसएसडीला हात न लावता ते चालवून पाहता येते, आणि त्या काळच्या बहुतेक लॅन चिपांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात. तिथे इंटरनेट चालले तर चिप ठणठणीत आहे, हे दुरुस्तीवाल्याला दाखवून देता येईल. तिथेही चालले नाही, तर पोर्टमधल्या पिना टॉर्चने पाहाव्यात; ठाण्याच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या बंद कार्यालयात त्या काळवंडतात. पिना स्वच्छ असूनही लॅन मुके असेल, तरी बोर्ड बदलू नये. पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारे रिअलटेकचे लॅन कार्ड हजार रुपयांच्या आत मिळते. त्यासाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठण्याचीही गरज नाही, ठाणे स्टेशनच्या परिसरात चौकशी केली तरी पुरे. घेताना त्यासोबत विंडोज ७ चा ड्रायव्हर आहे का, हे विचारूनच पैसे द्यावेत.

राहिला समितीपुढचा विषय. लॅन दुरुस्त करण्यासाठी नवा संगणक घ्या, असे मी म्हणणार नाही. पण विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत, आणि २०११ चा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. त्यामुळे या यंत्रावर बिले तयार करावीत, छापावीत, फार तर ईमेलने पाठवावीत. संस्थेच्या बँक खात्याचे नेट बँकिंग मात्र त्यावर उघडू नये. ते काम आपल्या किंवा चिटणिसांच्या अद्ययावत लॅपटॉपवरून करावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि त्याच पेन ड्राइव्हवर तो ‘लॅन’ फोल्डर, हार्डवेअर आयडीचा फोटो आणि बोर्डाचे मॉडेल लिहिलेली एक नोंद ठेवावी. आयडीची ओळ माझ्याकडे पाठवल्यास नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची, ते पुढच्या सदरात कळवीन.